आमच्या टाउनने सफरचंदाची बाग विकत घेतली, त्याची गोष्ट

मॅसॅच्युसेट्समध्ये राहून बरीच वर्षं झाली, पण टाउन जमीन विकत घेतं म्हणजे नक्की काय करतं हे गावाच्या ओपन स्पेस कमिटीवर, म्हणजे मोकळ्या जागा राखायच्या समितीवर, गेल्यावरच कळलं. आपल्या डोक्यात सरकार आणि जमीन म्हटलं की नोटीस, मोजणी, भूसंपादन, आणि मग मोबदल्यासाठी दुसऱ्या पिढीपर्यंत चालणारी कोर्टबाजी. इथे तसं काही नाही. टाउन सरळ बाजारात उतरतं, बिल्डर जो भाव देतोय तोच भाव देतं, आणि द्यायचा की नाही ते गावातले मतदार टाउन मीटिंगला, म्हणजे गावसभेला, एका हॉलमध्ये बसून ठरवतात. ओळखीतल्या दोघा-तिघांनी विचारलं की तुमच्याकडे ते कसं जमलं, आमच्या गावात पण एक शेत विक्रीला निघालंय, म्हणून बसून सगळं लिहून काढतेय. लांबलंय, आधीच सांगते.

जागा म्हणजे गावाच्या उत्तरेची जुनी सफरचंदाची बाग, पुढे रस्त्याला लागून झाडं, मागे गवताचं रान, त्याच्या मागे ओलसर जंगल आणि मधून जाणारा ओढा. मालक ऐंशी पार केलेले आजोबा, बागेवरची त्यांची तिसरी पिढी. जमीन राज्याच्या कायद्यातल्या चॅप्टर ६१-ए मध्ये होती आणि सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे म्हणून तो प्रकार आधी सांगते. किमान ५ एकर शेतीखाली असेल आणि त्यातून वर्षाला निदान ५०० डॉलरचा माल विकला जात असेल तर प्रॉपर्टी टॅक्स बाजारभावावर न लागता शेतीच्या किमतीवर लागतो, म्हणजे फारच कमी. त्या बदल्यात अट अशी की उद्या ही जमीन घरं बांधायला विकायची ठरली, आपल्याकडच्या भाषेत एनए व्हायला निघाली, तर आधी टाउनला विचारायचं. समोरच्या गिऱ्हाइकाने जी ऑफर दिलीय तेवढ्यात टाउन ती घेऊ शकतं, किंवा आपला हक्क एखाद्या लँड ट्रस्टला, म्हणजे जमिनी राखणाऱ्या ना-नफा संस्थेला, देऊ शकतं. मुदत १२० दिवस. जंगलाच्या जमिनींना चॅप्टर ६१ आणि मोकळ्या करमणुकीच्या जागांना ६१-बी, पण तत्त्व तेच. आता टॅक्सची सवलत वर्षानुवर्षं आपण सगळ्यांनीच सोसलेली असते, त्यामुळे गावाला पहिला हक्क मिळणं मला तरी अगदी न्यायाचं वाटतं.

तर आजोबांच्या वकिलाचं सर्टिफाइड मेलने पत्र आलं, सिलेक्ट बोर्डला (गावाचं निवडून आलेलं कारभारी मंडळ), टॅक्ससाठी किंमत ठरवणाऱ्या असेसरना, प्लॅनिंग बोर्डला आणि गावाच्या संरक्षित जमिनी सांभाळणाऱ्या कॉन्झर्वेशन कमिशनला, सोबत बिल्डरशी केलेल्या कराराची कॉपी. आम्ही सगळे पत्र वाचून हबकलो आणि लगेच कॅलेंडरवर १२० दिवस मोजायला लागलो. टाउनच्या वकीलबाईंनी मात्र करार शांतपणे वाचला आणि म्हणाल्या, मुदत सुरूच झालेली नाही. का, तर करारात बिल्डरने घालून ठेवलं होतं की इतक्या लॉट्सची परवानगी मिळाली तर ही किंमत, कमी मिळाले तर त्या हिशोबाने कमी. अशी जर-तरची ऑफर कायद्याला चालत नाही. किती घरं बसतील किंवा झोनिंग बदलेल का यावर लटकलेली ऑफर बोना फाइड, म्हणजे खरी आणि पक्की, धरत नाहीत, कारण मग टाउनने नक्की कोणत्या आकड्याला जुळवून घ्यायचं? पत्र परत गेलं. बिल्डरचा वकील भयंकर वैतागला, फोनवर आवाज चढला, पण काही आठवड्यांनी नवा करार आला, एकच पक्की किंमत, दोन मिलियन डॉलरच्या वर. ते मधले आठवडे आम्हाला फुकटात मिळाले. तुमच्या गावात असं पत्र आलं तर सगळ्यात आधी ते जमिनीच्या केसेस करणाऱ्या वकिलाला दाखवा, झाडांवर प्रेम करणारे लोक नंतर गोळा करा.

आता एवढी किंमत देऊन हीच जागा का? गावात याच्यापेक्षा सुंदर जागा आहेत, खरं सांगायचं तर. पण नकाशा बघितला की कळतं. बागेच्या पलीकडे कॉन्झर्वेशन कमिशनच्या ताब्यातलं मोठं जंगल आहे आणि अलीकडे लँड ट्रस्टची नदीकाठची जमीन, आणि दोन्हींच्या मध्ये ही बाग. पायवाट दोन्हीकडून येऊन बागेच्या दगडी बांधाशी थांबायची. आजोबा लोकांना जाऊ द्यायचे, बोर्ड वगैरे काही लावला नव्हता, पण ती त्यांची मेहरबानी होती, हक्क नव्हता. तिथे घरं झाली असती तर वाट कायमची तुटली असती, आणि एकदा मधला तुकडा गेला की दोन्ही बाजूंच्या, आधीच पैसे घालून वाचवलेल्या जमिनी नुसती बेटं होऊन बसतात. माणसांचं सोडा, तिकडच्या जंगलातले फिशर (मुंगसासारखा दिसणारा प्राणी) आणि कासवं काही ड्राइव्ह-वे ओलांडून जात नाहीत, किंवा ओलांडतात आणि चिरडतात.

ही तुकडे जोडायची कल्पना इथे जुनी आहे. बॉस्टनभोवती बे सर्किट ट्रेल आहे ना, न्यूबरीपोर्टकडून किंग्स्टनपर्यंत अर्धवर्तुळात जाणारी साधारण २३० मैलांची वाट, तिची कल्पना १९२९ सालची. शहराच्या आतल्या बागांच्या माळेला बाहेरून दुसरी मोठी माळ असावी असा विचार. कागदावर रेघ मारायला एक दिवस लागला असेल, जमिनीवर आणायला अजून लोक खपतायत, कारण प्रत्येक गावात असा एखादा तुकडा कुणाच्या तरी मालकीचा असतो. आणि गावाने पैसे काढून मोकळी जमीन घ्यायची म्हटलं तर बॉस्टन कॉमनच बघा की, १६३४ साली गावकऱ्यांनी वर्गणी काढून घेतलेलं गायरान ते, १८३० पर्यंत तिथे गाई चरायच्या.

आजोबांना भेटायला आम्ही तिघं गेलो, मी, कमिटीचे अध्यक्ष आणि लँड ट्रस्टची एक तरुण मुलगी. मी मनात भाषण तयार करून गेले होते, तुमच्या पूर्वजांनी राखलेली जमीन वगैरे. त्यांनी किचन टेबलाशी बसवलं आणि मला अर्ध्यातच तोडलं. म्हणाले, "मला कुणावर उपकार करायचे नाहीयेत. मला तीन मुलं आहेत, तिघांना सारखे वाटे द्यायचेत. पैसे कुणाचेही असोत, चेक वटला पाहिजे." संपलं. मला आवडलं ते. जमीन वाचवणाऱ्या लोकांना (आमच्या कमिटीत पण आहेत) मालकाने त्याग करावा असं फार वाटतं. का करावा त्यांनी? पन्नास वर्षं पहाटे उठून छाटणी करणारे ते, आणि वीकेंडला तिथे कुत्रं फिरवणारे आम्ही.

मग ते आतून एक वही घेऊन आले. कापडी पाठीची, पिवळी पडलेली, त्यांच्या वडिलांच्या हातची. कोणत्या तारखेला कोणत्या रांगेला काय फवारलं याची नोंद, पेन्सिलने. लँड ट्रस्टच्या मुलीने पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं. लेड आर्सेनेट. मला तेव्हा काहीच बोध झाला नाही. नंतर कळलं की सफरचंदात शिरणाऱ्या अळीसाठी विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्या भागात इथल्या जवळजवळ सगळ्या बागा शिसं आणि आर्सेनिक फवारत होत्या, डीडीटी आल्यावर ते मागे पडलं, पण ही दोन्ही मूलद्रव्यं, ती कुजत नाहीत की उडून जात नाहीत, मातीच्या वरच्या थरात तशीच बसून राहतात.

म्हणजे टाउनने घ्यायच्या आधी माती तपासणं आलं. पर्यावरणाचा जो रिपोर्ट करतात त्याला इथे सगळे ट्वेंटीवन-ई म्हणतात, राज्याच्या कायद्याच्या चॅप्टरवरून. कन्सल्टंट ऑगर, म्हणजे जमिनीत भोक पाडायचा गिरमिट, घेऊन आला, ठिकठिकाणी भोकं पाडून मातीचे नमुने काढले, प्रत्येक काचेच्या बरणीला लेबल. त्याने आल्याआल्या आजोबांना पहिला प्रश्न विचारला तो म्हणजे औषध कालवायचं कुठे? कारण झाडाखाली पसरून पातळ झालेलं असतं, पण जिथे टाकीत पाणी भरून पावडर घालायचे तिथे वर्षानुवर्षं सांडलेलं असतं. आजोबांनी जुन्या शेडच्या मागची विहिरीजवळची जागा काठीने दाखवली. आणि खरंच, रिपोर्ट आला तेव्हा तिथलाच आकडा सगळ्यात वाईट होता. बाकी बागेत थोडं जास्त, मागच्या रानात आणि जंगलात काहीच नाही. मग त्यावरून वाटाघाटी. शेडमागची माती उचलून न्यायचा खर्च कुणाचा यावर बरंच ताणलं, शेवटी विकणाऱ्याच्या रकमेतून थोडी रक्कम बाजूला काढून ठेवायची असं ठरलं. ज्यांना तिथे भाजीचे वाफे हवे होते त्यांचा मात्र विरस झाला, त्या भागात फक्त गवत राहणार.

पैशांचं सांगते आता, कारण खरी लढाई ती. या राज्यात २००० साली कम्युनिटी प्रिझर्व्हेशन अॅक्ट आला. गावाने मतदान करून स्वीकारला तर प्रॉपर्टी टॅक्सवर जास्तीत जास्त ३ टक्के अधिभार लावता येतो, आणि राज्य स्वतःच्या फंडातून त्यात भर घालतं. हा फंड येतो रजिस्ट्री ऑफ डीड्समध्ये कागद नोंदवायच्या फीमधून. म्हणजे इथे कुणी घर घेतलं, रिफायनान्स केलं की नकळत त्यात हातभार लागतो. जमणाऱ्या पैशांपैकी दरवर्षी किमान १० टक्के मोकळ्या जागांसाठी, १० टक्के जुन्या वास्तूंसाठी आणि १० टक्के परवडणाऱ्या घरांसाठी, बाकीचे यातल्याच कामांसाठी पण गाव ठरवेल तसे. राज्यातल्या ३५१ गावा-शहरांपैकी निम्म्याहून जास्त ठिकाणी हा लागू आहे. आमच्या गावाने तो बऱ्याच आधी घेतला होता आणि मधल्या काळात कुठे फार उधळला नव्हता, त्यामुळे पत्र आलं त्या दिवशी तिजोरीत काहीतरी होतं. शेजारच्या गावात तो नाही. त्यांच्याकडेही असंच एक शेत निघालं होतं, त्यांनी सभा घेतल्या, सह्या गोळा केल्या, यार्डात पाट्या लावल्या, आणि मुदत संपली. १२० दिवसांत शून्यापासून दोन मिलियन उभे राहत नाहीत हो, हा सगळा खेळ पत्र यायच्या पाच-दहा वर्षं आधी जिंकलेला किंवा हरलेला असतो.

तरी आमचे साठलेले पैसे पुरणार नव्हतेच. मग काही रक्कम रोख, काहीचा बॉण्ड काढायचा, म्हणजे कर्ज घ्यायचं, आणि तो पुढच्या वर्षांच्या अधिभारातून फेडायचा, काही लँड ट्रस्टने देणग्या जमवून द्यायची, आणि राज्याच्या लँड ग्रँटचा अर्ज करायचा. ग्रँट म्हणजे आगाऊ पैसे नव्हे, गावाने आधी सगळे भरायचे आणि मग राज्य त्यातला हिस्सा परत करतं, म्हणून टाउन मीटिंगला पूर्ण रकमेची मंजुरी मागावी लागते आणि लोकांना तो मोठा आकडा बघूनच घाम फुटतो. बॉण्ड अधिभारातूनच फिटणार असल्यामुळे टॅक्स बिल वाढणार नाही हे फायनान्स कमिटीला पटवायला दोन बैठका गेल्या. तिथले एक गृहस्थ प्रत्येक ओळीवर पेन्सिलने टिक करत होते, चेहऱ्यावर काही दिसेल तर शपथ. पण त्यांनीच विचारलं की रस्त्याकडेची दोनेक एकर वेगळी का काढत नाही?

आणि इथे तो घरांचा मुद्दा आला, जो मला आधीपासून टोचत होता. आमच्या गावात घर घेणं आता शिक्षकांना, फायर स्टेशनवरच्या लोकांना परवडत नाही. अशा गावाने घरांची जमीन अडवून तिथे पायवाटा करायच्या, हे जरा आपण आत शिरलो आता दार लावा असं नाही का होत? पब्लिक हियरिंगला एक बाई उठून हेच बोलल्या, फार शांतपणे, आणि आमच्यातल्या काही जणांना ते अपमानासारखं लागलं. मला नाही लागलं. काही गावं मोकळ्या जागेचं नाव पुढे करून घरं टाळतात हे खरं आहे, सगळ्यांना माहीत असतं, बोलत कुणी नाही. शेवटी रस्त्याला लागून असलेला, पाणी-वीज जवळ असलेला तुकडा बाजूला काढून परवडणारी घरं करणाऱ्या गावाच्या हाउसिंग ट्रस्टला द्यायचा, त्याचे पैसे अधिभारातल्या घरांच्या वाट्यातून घ्यायचे असं ठरलं. त्यामुळे जमिनीसाठी लागणारी रक्कमही कमी झाली. आमच्या कमिटीत दोघांनी विरोधात मत दिलं, एक इंचही द्यायची नाही म्हणून. माझ्या मते ते दोन एकर दिले नसते तर टाउन मीटिंगला आम्ही आपटलो असतो, आणि आपटणं योग्यही ठरलं असतं.

मीटिंगच्या आधी गावकऱ्यांना जागा दाखवायला साइट वॉक ठेवला, ऑक्टोबरात. जंगलातल्या व्हर्नल पूलपाशी, म्हणजे हंगामी तळ्यापाशी, नेलं तर एक गृहस्थ म्हणतात, तळं कुठाय? समोर नुसता उथळ खड्डा, कोरडा. वाकून बघितलं तर खड्ड्यातली पानं बाहेरच्या पानांसारखी तपकिरी नाहीत, काळपट, एकमेकांना चिकटलेली, आणि आजूबाजूच्या खोडांवर गुडघ्याएवढ्या उंचीवर पाण्याची रेघ. वसंतात तिथे पाणी असतं आणि उन्हाळ्यात आटतं, म्हणून मासे राहू शकत नाहीत, आणि मासे नाहीत म्हणून बेडकांची आणि सॅलमँडरची अंडी वाचतात. तळं कोरडं पडतं हाच त्याचा उपयोग. त्या गृहस्थांनी मान डोलावली, पण हे एवढ्याला? असा चेहरा होता.

स्पेशल टाउन मीटिंग हायस्कूलच्या ऑडिटोरियममध्ये. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी, ओपन टाउन मीटिंग म्हणजे निवडून दिलेले सदस्य नाहीत, जो नोंदणीकृत मतदार येईल तो सभासद. दारात यादीत नाव बघतात आणि मतासाठी क्लिकर देतात. ग्रीन कार्डवाल्यांना मत नाही, त्यांनी बाजूच्या राखीव खुर्च्यांवर बसायचं. मी पूर्वी तिथेच बसायचे, सिटिझनशिप झाल्यावर मध्ये बसायला मिळालं आणि खोटं कशाला बोलू, त्या क्लिकरचं मला अजून अप्रूप आहे. त्या दिवशी बाजूच्या खुर्च्यांवर आपले बरेच देसी चेहरे होते, टॅक्स भरणारे, त्याच वाटेवर रोज चालणारे, आणि मत नसलेले.

आमचं आर्टिकल, म्हणजे ठराव, वॉरंटमध्ये (सभेच्या विषयपत्रिकेला इथे वॉरंट म्हणतात) खाली होतं. आधी शाळेच्या बॉयलरवर तासभर चर्चा. रात्री उशीर झाला तसे लोक उठून जायला लागले आणि आमच्या पोटात गोळा, कारण कर्ज काढायच्या ठरावाला नुसतं बहुमत चालत नाही, दोन तृतीयांश लागतं. छोट्या मुलांचे आईबाप बेबीसिटरसाठी पळतात आणि तेच आमचे मतदार! चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं टॅक्स रोलवरून, म्हणजे टॅक्स भरणाऱ्या मालमत्तांच्या यादीतून, जमीन जाईल, त्याचं उत्पन्न बुडेल. फायनान्स कमिटीवाले तेच पेन्सिलवाले उठले आणि सरळ सांगितलं की ६१-ए खाली तिचा टॅक्स आत्ताही नाममात्रच आहे, आणि घरं झाली असती तर टॅक्स आला असता पण शाळेत मुलंही आली असती. एवढंच, पुन्हा खाली बसले. मग कुणीतरी "मूव्ह द क्वेश्चन" म्हटलं, म्हणजे चर्चा बंद करा. सभा चालवणाऱ्या मॉडरेटरने मत घ्यायला सांगितलं, स्क्रीनवर आकडे आले, दोन तृतीयांशच्या वर होतो. फार वर नाही. आजोबा आले नव्हते. दुसऱ्या दिवशी फोन केला तर म्हणाले, "बरं. क्लोजिंग कधी?"

क्लोजिंग, म्हणजे पैसे देऊन खरेदी पूर्ण करणं, सोपं असेल असं वाटत असेल तर नाही. हक्क वापरतोय याची नोंद मुदतीत रजिस्ट्रीत करायची. टायटल, म्हणजे मालकी हक्क, तपासताना निघालं की ओढ्याकाठची एक पट्टी एकोणिसाव्या शतकातल्या एका डीडमध्ये, म्हणजे खरेदीखतात, "मोठ्या ओकपासून दगडाच्या ढिगापर्यंत" अशी लिहिलीय, ओक कधीच गेला. अशा वेळी टाउन मालकाच्या संमतीनेच ती पट्टी एमिनंट डोमेनखाली, म्हणजे सरकारच्या भूसंपादनाच्या हक्काखाली, ताब्यात घेतं, म्हणजे मागचे सगळे घोळ एकदाच मिटतात, याला फ्रेंडली टेकिंग म्हणतात. नाव ऐकून गावात अफवा पसरली की टाउनने म्हाताऱ्याची जमीन हिसकावली. ते निस्तरायला पुन्हा पत्रकं. आणि अधिभाराच्या पैशांनी जमीन घेतली की तिच्यावर कायमचं कॉन्झर्वेशन रिस्ट्रिक्शन, म्हणजे जमीन मोकळीच ठेवायचं कायदेशीर बंधन, घालावं लागतं, तेही टाउनने स्वतःकडे ठेवून चालत नाही, दुसऱ्या संस्थेकडे, आमच्या बाबतीत लँड ट्रस्टकडे द्यावं लागतं. मालक एक आणि पहारेकरी दुसरा. त्यावर राज्याच्या संविधानातलं ९७ वं आर्टिकल, १९७२ चं, की अशी जमीन पुन्हा दुसऱ्या कामाला वळवायची तर विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं हवीत. त्या रिस्ट्रिक्शनचा मसुदा राज्याकडे जाऊन तीनदा दुरुस्त्या होऊन आला, एकदा तर नकाशावरची उत्तरेची खूण चुकीच्या जागी म्हणून.

आता जमीन गावाची आहे. शेडमागची माती गेली, वाट जोडली, ओढ्यावर स्वयंसेवकांनी फळ्यांचा पूल टाकला. दगडी बांधावर बिटरस्वीटची वेल इतकी माजलीय की तोडायला गेलं की दुसऱ्या टोकाला उगवते, तिचं काय करायचं माहीत असेल तर सांगा प्लीज. गवत कापायला एक शेतकरी मिळालाय, तो वाळलेलं गवत घेऊन जातो. बाकी पैशांवरून, घरांवरून, आर्सेनिकवरून जेवढं भांडण झालं नाही तेवढं सध्या कुत्र्यांवरून चाललंय, पट्ट्याने बांधायची की मोकळी सोडायची. पार्किंगच्या आणि कुत्र्यांच्या नियमांची हियरिंग पुढच्या महिन्यात आहे आणि शेजारच्या घरवाल्यांनी वकील आणतोय म्हणून आत्ताच कळवलंय.